तिळावरची शिंगवाली अळी

आमच्या घरी वसंत ऋतू पानात गुंडाळून यायचा. एरंडोलच्या बाजारपेठेत वडिलांचं पिकांच्या औषधांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा, जो कधीच नीट लागायचा नाही. दवाखान्यात लोक दुखणं घेऊन जातात, तसे आमच्याकडे लोक अळी घेऊन यायचे. कुणी काडेपेटीत आणायचं, कुणी एरंडाच्या पानात, कुणी उपरण्याच्या गाठीत. एका बाबानं तर भाकरीच्या डब्यात आणली होती, भाकरीसकट. अळी दाखवून झाल्यावर त्यानं आमच्याच ओट्यावर बसून ती भाकरी खाल्ली. अळी बाजूला काढली होती, हे मी स्वतः पाहिलंय.

वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. भाऊ अळीकडे एकदा बघायचे आणि नाव सांगायचे. नावापाठोपाठ औषध, औषधापाठोपाठ फवारणीच्या एका पंपाला किती झाकणं टाकायची ते. आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक यायचे ते यासाठीच. भाऊंना ओळखता येणार नाही अशी अळी अजून जन्माला यायची आहे, असं लोक दुकानात उघड म्हणत आणि भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण त्या दिवशी जेवताना एक भाकरी जास्त खात. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

ओळख पटलेली अळी मग गटारात जायची. तिथे मी हात पुढे करून उभी असायचे. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं, मी सातवीत. होळी झाली की मला वेडच लागायचं. नदीच्या कोरड्या पात्रात रुईची झुडपं होती. त्यांच्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या सापडायच्या आणि आठ-दहा दिवसांनी त्याच झुडपांवर भगवी फुलपाखरं बागडायची. हातपंपाखालच्या चिखलात फिकट पिवळ्यांचा थवा बसायचा. त्यात मी पाय न वाजवता शिरायचे आणि मग एकदम उडी मारायचे. सगळ्या अंगाभोवती पिवळं, पिवळं, पिवळं! बादली भरायला आलेल्या बाया म्हणायच्या, ही दुकानवाल्याची पोर कामातून गेली. शेवग्यावरच्या केसाळ अळीला मी एकदा प्रेमानं हात लावला आणि दोन दिवस कोपरापर्यंत खाजवत बसले. तरी शहाणपण आलं नाही. कोणतं फुलपाखरू कधी, कुठे दिसलं, ते गणिताच्या वहीच्या मागच्या पानापासून लिहीत यायचे. मार्चअखेर पुढून गणित आणि मागून फुलपाखरं यांची गाठ पडायची, आणि गणितानं नेहमी माघार घेतलेली असायची.

घरात बुटांच्या खोक्यांत, बरण्यांत, आईच्या फुटक्या रोळीत माझ्या अळ्या असत. भाऊ वैतागायचे. "दुकानात मारायचं औषध विकतो मी, आणि घरात पाळणाघर चालतंय! गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणेल?" यावर आई पदराआड हसायची. मला भाऊंचा राग यायचा. ज्या माणसाला एवढ्या अळ्यांची नावं येतात, त्याला त्यांचं पुढे काय होतं हे एकदाही विचारावंसं वाटू नये? त्यांच्यापुरती अळी म्हणजे अळी. ती आली, खाल्लं, औषध पडलं, संपलं.

अशात एका बाजाराच्या दिवशी नाना आले. नाना म्हणजे जवळच्याच खेड्यातले म्हातारे शेतकरी, भाऊंचे जुने गिऱ्हाईक. विहिरीच्या पाण्यावर त्यांनी एक बिघा उन्हाळी तीळ लावला होता. दुकान माणसांनी गच्च भरलेलं. नानांनी उपरण्याची गाठ सोडली आणि काउंटरवर जे काही ठेवलं, ते बघून शेजारचा माणूस दोन पावलं मागे सरकला.

अळी होती. पण केवढी! माझ्या मधल्या बोटाएवढी लांब आणि भाऊंच्या अंगठ्यापेक्षा जाड. रंग पिवळट हिरवा, दोन्ही बाजूंना जांभळे तिरपे पट्टे आणि शेपटीवर वाकडं, खरबरीत शिंग. नानांनी काडी लावली, तर तिनं जबडा वाजवून कट्‌कट्‌ असा आवाज काढला. पडद्यामागे मी आनंदानं स्वतःचाच हात चावला.

"भाऊ, हाई काय शे?" नाना अहिराणीत म्हणाले. "मन्हा तीळ खाई ऱ्हायनी."

भाऊ बघत राहिले. दुकानातले सगळे भाऊंकडे बघत राहिले. इतका वेळ भाऊ कुठल्याच अळीकडे बघत नसत. मला पडद्यामागून त्यांचा कान दिसत होता आणि तो हळूहळू लाल होत होता.

"शिंगाडी," शेवटी भाऊ म्हणाले. "शिंगाडी अळी शे ही, नाना. हिले औषध लागत नही. हाते वेचा आनि फेकी द्या."

"नुसती येचानी?"

"हा. नुसती येचानी."

नानांनी भाऊंकडे जरा वेळ बघितलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि "ठीक शे" म्हणून निघून गेले. अळी काउंटरवरच राहिली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर भाऊ पडद्याआड आले, पाटावर बसले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. "शिंगाडी नावाची अळीच नाही," ते आईला म्हणाले.

"मंग?" आई म्हणाली. ती खेड्यातली, घरात अहिराणीच बोलायची.

"मग काय? तोंडातून निघून गेलं. शिंग दिसलं, शिंगाडी म्हटलं. औषध कुठलं द्यायचं तेच कळेना. उगाच काहीतरी जहर दिलं आणि तीळच जळाला तर?"

आता गोष्ट अशी होती की नानांचा बिघाभर तीळ भाऊंच्या एका शब्दावर उभा होता. ही अळी हातानं वेचून संपणारी निघाली तर ठीक. पण एकीच्या शंभर झाल्या, आठवड्यात शेत उघडं पडलं, तर म्हाताऱ्याचं पीक जाणार होतं आणि भाऊंनी काय सांगितलं होतं ते पुढच्या बाजारापर्यंत चहूकडे कळणार होतं. भाऊ तसे भित्रे नव्हते. पण त्या दिवशी ते भ्यायले होते, आणि मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्यावरचा राग विसरून गेले.

भाऊंनी मला हाक मारली. अळी पुठ्ठ्यावर घेऊन माझ्यासमोर धरली. "हिला तुझ्या त्या पाळणाघरात ठेव. मरू देऊ नको. हिचं काय होतं ते मला बघायचंय."

मी उडालेच! सबंध आयुष्यात, म्हणजे बारा वर्षांत, भाऊंनी मला पहिल्यांदा काम सांगितलं होतं असं वाटलं. पाणी आण, चहा आण, पाट मांड, हे काम थोडंच असतं?

नानांच्या गाठीत आलेली तिळाची पानं दोन दिवसांत संपली. ही बया दिवसरात्र खायची. जवळ कान नेला तर खाण्याचा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी ती उपाशी डोकं वर करून बसली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. कडुनिंब दिला, नको. रुई दिली, नको. शेवटी आईनं परसातल्या वांग्याचं एक पान तोडून टाकलं, आणि ही तुटून पडली! आई म्हणाली, खान्देशातली अळी, वांग्याले नही कशी म्हनी? आम्ही दोघी हसून हसून चुलीपाशी बसलो. भाऊ मात्र पांढरे पडले. "म्हणजे वांगीपण खाते?" त्यांच्या डोळ्यांसमोर आता नानांच्या तिळाबरोबर पंचक्रोशीतली सगळी वांगी उभी राहिली.

पाचव्या दिवशी अळीचा रंग मळकट झाला. खाणं बंद. खोक्यात ती गोल गोल धावायला लागली. भाऊ दर गिऱ्हाइकागणिक पडद्याआड डोकावून विचारायचे, "आहे का?" जसं काही आत कुणी बाळंतपणाला आलं होतं. ते म्हणाले, मरतेय ही. मी रडायला लागले. आई कणीक मळत होती. तिनं हात न धुताच येऊन बघितलं आणि म्हणाली, "इले माती पाह्यजे."

"तुला काय माहीत?" भाऊंनी विचारलं.

"माहीत नही. पन दखा ना, कशी कोपरामां डोकं खुपसी ऱ्हायनी."

घमेल्यात ओलसर माती भरली आणि अळी वर ठेवली. तिनं एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड लावलं आणि डोकं खाली घालून सरळ मातीत शिरली. शेवटी नुसतं शिंग उरलं, मग तेही गेलं. आम्ही तिघं घमेल्याभोवती उकिडवे बसलो होतो. दुकानात कुणीतरी "भाऊ, ओ भाऊ" म्हणून ओरडत होतं आणि भाऊंना ते ऐकूच येत नव्हतं.

दोन दिवसांनी मी बोटानं माती जराशी उकरून बघितली. आत गुळगुळीत, तपकिरी, खजुरासारखं काहीतरी पडलं होतं. हात लागताच त्याचं टोक वळवळलं. आई बघतच राहिली. लहानपणी भुईमूग काढताना असले तपकिरी खजूर त्यांना मातीत सापडायचे. मुली ते हातात धरून विचारायच्या, मन्हं सासर कुठे शे? टोक जिकडे वळेल तिकडे सासर. आईच्या वेळी ते बरोबर एरंडोलकडे वळलं होतं, असं ती शपथेवर सांगायची. "पन ते अळीनं व्हस, हाई माले कधी समजनंच नही," ती म्हणाली. मग मीही विचारलं, माझं सासर कुठे? टोक सरळ भाऊंच्या दुकानाकडे वळलं आणि आई पोट धरून हसली.

घमेलं आम्ही औषधाच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवलं. भाऊंनी मुद्दाम असं खोकं निवडलं ज्यात डबे सीलबंद आले होते, काही सांडलेलं नव्हतं. खोक्यावर चारही बाजूंनी औषधांवर असतो तो लाल त्रिकोण होता, त्याच्या वर कवटी आणि तिच्याखाली दोन हाडं. वरून आईचं जुनं पातळ बांधलं.

पुढच्या बाजाराला नाना आले. "सात सापडन्यात," म्हणाले. सगळ्या बिघ्यात सातच अळ्या! पडद्यामागे मी आणि आईनं फुगडी घातली. त्याच्या पुढच्या बाजाराला म्हणाले, दोन. भाऊंची भूक परत आली. पण त्यानंतरच्या बाजाराला नाना आलेच नाहीत. भाऊ दिवसभर रस्त्याकडे बघत होते. एकानं वाळवीचं औषध मागितलं तर त्यांनी त्याला उंदरांचं दिलं. संध्याकाळी फळ्या लावताना म्हणाले, "तीळ गेला असेल. म्हाताऱ्याला तोंडावर सांगायला जड जात असेल." मी म्हटलं, असं नसेल. ते म्हणाले, "तू कोण सांगणारी?" मग लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही दोघंही फार वाईट अवस्थेत होतो.

पाडवा होऊन गेला. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला आई देवापाशी दिवा लावत होती तेव्हा मागच्या पडवीतून आवाज आला. चीं! चीं! आई म्हणाली, "उंदीर! खोकामां शिरना!" झाडू घेऊन ती गेली, पातळ वर केलं, आणि तिनं जी किंकाळी फोडली ती बस स्टँडपर्यंत गेली असावी.

घमेल्याच्या काठावर तळहाताएवढं पाखरू बसलं होतं. पंख काळपट तपकिरी, मखमली. पोट जाड, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं. आणि पाठीवर, मानेच्या खाली, स्पष्ट, दोन डोळ्यांसकट, कवटी. आई खोक्यावरच्या कवटीकडे बघायची आणि पाखरावरच्या कवटीकडे बघायची. मग हळूच म्हणाली, "छाप उतरना!"

आता हसू येतं, पण त्या वेळी आम्हा तिघांनाही तेच वाटलं. ज्यांच्या घरात ताटाखालीही औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर असायचं, त्यांना दुसरं काय वाटणार? भाऊंनी धावत दुकानातून एक डबा आणला आणि पाखराशेजारी धरला. कवटीला कवटी लावून बघितली. "ह्याला हाडं नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले.

"हाडे मातीमां ऱ्हायनात व्हतीन," आई म्हणाली.

आणि मी, सातवीत विज्ञानाला पहिली असलेली मी, खरोखर ती माती उपसून हाडं शोधली! पोकळ, फुटका, तपकिरी खजूर तेवढा सापडला. पाखरू पुन्हा चीं करून ओरडलं. भाऊ दचकून डब्यासकट मागे बसले, आणि मग त्यांना हसू फुटलं. महिनाभराचं साठलेलं सगळं हसू. आई हसायला लागली, मी हसायला लागले. हसणं जरा थांबलं की पाखरू चीं करायचं आणि पुन्हा सुरू.

सकाळी बाजार भरला आणि दहाच्या सुमारास नाना आले. त्यांच्या मुलीच्या सासरी लग्न होतं, मागच्या बाजाराला ते तिकडे होते. भाऊंनी बसा म्हणायच्या आधीच विचारलं, "तीळ?"

"तीळ बेस शे. बोंडे लागनात."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. खरं म्हणजे आता विषय तिथेच संपवता आला असता. शिंगाडी अळी, हातानं वेचा, बघा सांगितलं होतं की नाही! दुकान भरलेलं होतं, चारचौघांत नाव आणखी मोठं झालं असतं. मला वाटलं, भाऊ तसंच करणार. पण ते आत आले, खोकं उचलून घेऊन गेले आणि काउंटरवर ठेवून पातळ बाजूला केलं. माणसं पुढे वाकली. पाखरू ओरडलं. माणसं मागे हटली.

नाना मात्र हसले. "हाई? हाई ते मन्हा तीळमां दरसाल दिखस! दिवा लावाना टाईमले ई जास." वर्षानुवर्षं ते कवटीचं पाखरू त्यांनी शेतात बघितलं होतं. पण ते ह्या अळीचं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईला मातीतला खजूर ठाऊक होता, नानांना पाखरू ठाऊक होतं, आणि सगळ्या अळ्यांची नावं सांगणाऱ्या भाऊंना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. छाप उतरला नव्हता, हेही मला तिथेच कळलं आणि मी पडद्यामागे लाजेनं लाल झाले.

"नाना," भाऊ म्हणाले. आवाज जरा चढाच होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "त्या दिन माले माहीत नव्हतं. शिंगाडी नाव मी तठेच बनाडं."

मला वाटलं, धावत जाऊन भाऊंच्या तोंडावर हात ठेवावा.

नाना पाखराकडेच बघत होते. "माले तवयच समजनं व्हतं," ते म्हणाले. "इतला वरीस तू माले कधी रिकामा हाते धाडं नही. त्या दिन धाडं. माल न ईकता जो दुकानदार गिऱ्हाइक परत धाडस, त्यानं नही आयकानं त कोनं आयकानं?"

खोक्यावर पातळ नीट करण्याच्या निमित्तानं भाऊ बराच वेळ खाली बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे मला दिसत होतं, कारण पडदा नेहमीसारखाच अर्धवट लागला होता. मग मागे ताटकळलेल्या एका शेतकऱ्यानं आपली काडेपेटी पुढे सरकवली. आत लिंबाच्या पानावर हिरवी अळी होती. ती भाऊंना चांगली ठाऊक होती. तिचं नाव, औषध, झाकणं, हे त्यांनी मला आठवतंय तेव्हापासून शंभर वेळा सांगितलं असेल. भाऊंनी आधी ते सगळं सांगितलं. मग काडेपेटी न मिटता मला हाक मारून बाहेर बोलावलं, भर बाजारात, सगळ्या माणसांसमोर.

"ही काय होते?" त्यांनी विचारलं.

मी भराभर सांगायला सुरुवात केली, काळं, पिवळं, ठिपके, सगळे शब्द एकमेकांवर पडायला लागले.

"सावकाश सांग," भाऊ म्हणाले. "मलापण माहीत नाही."